दोघांनी मिळून गावात ॲक्टिव्हिटी सेंटर काढायचं असेल तर आधी 'नको' कोण म्हणणार ते ठरवा

दर सीझनला एकतरी जोडपं गाडीत बसता बसता विचारतंच, आम्हालाही असं काहीतरी सुरू करायचंय, गावी जागा पडून आहे, काय काय लागतं? आता गाडी स्टार्ट, पोरं मागे भांडतायत, अशात काय सांगणार, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं सेंटर म्हणजे गोव्यात म्हादई नदीच्या काठावरचं सासऱ्यांचं कुळागर (माड-पोफळीची बाग), त्याला लागून काजूचं भाट, म्हणजे काजूची बाग, आणि नदीत उतरायची एक पायवाट, बस. माझं माहेर दोडामार्गचं, त्यामुळे रान मला नवीन नव्हतं. नवीन होतं ते नवऱ्याबरोबर चोवीस तास धंदा करणं. लोक विचारतात कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) कुठून घेतल्या, तंबू कितीला पडले. ते सगळं बाजारात मिळतं हो. जे मिळत नाही ते आधी सांगते.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट, ऑक्टोबरचा शेवट. शहरातलं एक कुटुंब आलं होतं, दुपारचे तीन वाजलेले, इथे लख्ख ऊन पण चोर्ल्याच्या बाजूला घाटावर काळं झालं होतं. मी म्हटलं आज कयाक नको. ते हसत हसत मागच्या बाजूला गेले, नवरा तिथे पाटाचं पाणी बघत होता, त्याला म्हणाले फक्त अर्धा तास. त्याला माहीतच नाही मी नको म्हटलंय, तो म्हणाला बरं जा. नदी वाढली. इथे पावसाचा थेंब नाही आणि पाणी मातकट लाल, वर सुकी पानं, काटक्या, नारळाची चुडतं (झावळ्या) वाहत आलेली. सगळे पलीकडच्या काठाला सुखरूप लागले, पण परत येता येईना, मग पुलावरून वळसा घालून जीप पाठवली आणि त्यांना काळोख पडल्यावर घेऊन आलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या रात्री आम्ही दोघं जे भांडलो ते कुळागराच्या पलीकडे ऐकू गेलं असेल.

त्यातून जो नियम निघाला तो असा: दोघांपैकी जो आधी 'नको' म्हणेल त्याचं चालणार. दुसऱ्याला ते पटलं नाही तरी पाहुण्यांसमोर एक शब्द नाही, वाद घालायचा तो रात्री भांडी घासताना. आणि 'हो' मात्र एकट्याने म्हणायचं नाही, हो म्हणायला दोघं लागतात. ऐकायला सोपं वाटतं पण पाहुणा फार हुशार असतो, घरातली पोरं आई नाही म्हणाली की बाबांकडे जातात ना, अगदी तसंच, त्याला दोन दिवसात कळतं की कोण मऊ आहे. आमच्यात मऊ तो आहे, हे तो मान्य करत नाही.

नियम तोंडी ठेवलात तर टिकत नाही, म्हणून आम्ही उतारावरच्या आंब्याला एक खिळा मारलाय. त्यावर लाल पंचा टांगला असेल तर पाणी बंद. कुणीही टांगू शकतं, कामाला येणारी पोरंसुद्धा, पण काढायचा असेल तर आम्ही दोघांनी जाऊन नदी बघायची आणि मगच. फोन लागत नाही अशा जागी हे बरं पडतं. पाहुण्यांनाही आल्या आल्या दाखवतो, मग कोणी वाद घालत नाही. माणसाशी वाद घालता येतो, पंच्याशी काय घालणार?

आता जागेची कागदं. गोव्यात हे प्रकरण वेगळं आहे, महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तर पहिल्यांदा डोकंच फिरतं. सातबारा नाही, इथे फॉर्म एक-चौदा. तो काढलात की कब्जेदार कोण, कूळ कोण ते दिसतं. घर असेल तर मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) आहे का ते विचारा, कारण १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि कागदावर नसला तरी गावाला माहीत असतोच, म्हणून कागद बघून झाला की शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडे चहाला जाऊन बसा. झोनिंगचा दाखला काढा. जमीन ऑर्चर्डमध्ये असेल तर पक्की बांधकामं मनाला येईल तशी ठोकता येत नाहीत, बिगरशेती वापराला सनद लागते. झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी, स्वतःच्या भाटातलं असलं तरी. आणि म्हादई अभयारण्य जवळ असेल, २०८ चौरस किलोमीटरचं आहे ते, १९९९ पासून, तर हद्द कुठून जाते ते वनखात्याकडून नकाशावर बघून घ्या, अंदाजाने ट्रेक नेऊ नका. राहायची सोय करणार असाल तर पर्यटन खात्याकडे रजिस्ट्रेशन आहे, १९८२ चा कायदा आहे त्याला. परदेशी पाहुणा राहिला तर त्याची माहिती चोवीस तासात ऑनलाइन भरायची, हे पहिल्या वर्षी हमखास विसरलं जातं.

जोडप्यांनी लक्ष द्यायची गोष्ट ही. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, वारशाने आलेलीसुद्धा त्यात धरतात. म्हणजे जमीन त्याला बापाकडून आलेली असली तरी विकायला, गहाण ठेवायला माझी सही लागते. बँकेत कर्जाला गेलात तर दोघांनाही बोलावतात, एकट्याने जाऊन फेरी फुकट घालवू नका. तसंच वडिलोपार्जित जागेत नणंदांचाही हक्क असतो, भावांइतकाच, तर इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीचं कायदेशीर काम) होऊन वाटणी झालीय का ते आधी बघा. नाहीतर तुम्ही पाच वर्षं घाम गाळून जागा उभी करायची आणि मग बांबोळीहून नणंदबाय विचारणार, माझा वाटा कुठला. इन्कम टॅक्समध्येही याचा परिणाम होतो, या कायद्याखाली येणाऱ्या जोडप्याचं धंद्याचं उत्पन्न दोघांच्या नावे निम्मं निम्मं धरलं जातं (१९६१ च्या जुन्या इन्कम टॅक्स कायद्यात हे कलम ५ए होतं, पगार मात्र यात येत नाही). गोव्याबाहेरच्या सीएला बऱ्याचदा हे माहीत नसतं. आमच्या पहिल्या सीएने सगळं नवऱ्याच्या नावावर भरलं होतं आणि ते निस्तरायला दोन वर्षं गेली.

ॲक्टिव्हिटी कुठल्या ठेवायच्या? जागा देईल त्या. आम्हाला प्रत्येकाने सांगितलं झिपलाइन लावा, फोटो चांगले येतात, पण त्याला इंजिनिअर लागतो, दरवर्षी तपासणी लागते, आणि आमच्याकडे पावसात केबलचं काय होईल त्याचा भरवसा नाही, म्हणून लावली नाही. आमच्याकडे आहे: सकाळी कुळागरातली फेरी, पाटावरचा बर्मा ब्रिज, काजूच्या भाटातून चढून पठारावर जाणं, कयाक, आणि मार्च-एप्रिलला काजूची बोंडं मळून नीरो (बोंडांचा गोड रस) काढायला देतो, त्यात पोरं इतकी रमतात की कयाक विसरतात. राफ्टिंग वगैरे पावसाळ्यात वरच्या भागात म्हादईवर चालतं, ते ट्रेनिंग घेतलेल्या गाइड लोकांचं काम, आपण मधे पडायचं नाही.

बर्मा ब्रिज म्हणजे पायाखाली एक दोर, हाताला दोन. जमिनीपासून कंबरेएवढाच ठेवलाय, तेवढ्यात पुरेशी मजा येते. दोर बांधायला माडाला किंवा पोफळीला कधीच नाही, पोफळ तर माणूस टेकला तरी डुलते. आम्ही माट्टीची झाडं घेतली (घाटावर ऐन म्हणतात ते), घेर चार फुटांच्या वर असेल तरच, आणि वरती सुकलेली फांदी नाही ना, बुंध्यात वाळवीची पोकळी नाही ना, कोयत्याच्या मुठीने ठोकून आवाज बघायचा. झाडाची साल सोलू नये म्हणून आधी पोतं गुंडाळायचं, त्यावर लाकडाच्या पट्ट्या, मग दोर. कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) घेताना त्याच्या अंगावर केएन लिहिलेलं असतं ते बघा, २२ केएन म्हणजे साधारण बावीसशे किलोचा ताण. हार्डवेअरच्या दुकानात अगदी तसेच दिसणारे चावी अडकवायचे मिळतात, त्यावर काहीच लिहिलेलं नसतं, ते माणसासाठी नाहीत. दोर आणि हार्नेसला (अंगाला बांधायच्या पट्ट्यांना) वय असतं. वापरला नसला तरी दहा वर्षांच्या पुढे नाही, आणि आमच्या उन्हा-पावसात तर त्याच्या कितीतरी आधी काढून टाकतो. काढलेला दोर गोठ्यात द्यायचा असेल तर तुकडे करूनच द्या, नाहीतर नवीन आलेला पोरगा तोच परत आणून बांधतो.

आणि माड! सगळ्यांना साप-वाघाची भीती, डोक्यावरच्या नारळाची कोणालाच नाही. तंबू माडाखाली लावायचाच नाही, आणि ज्या वाटेवरून पाहुणे जातात तिथले माड सीझन सुरू व्हायच्या आधी पाडेल्याला (माडावर चढून नारळ काढणाऱ्याला) बोलावून उतरवून घ्यायचे, सुकी चुडतंसुद्धा. पाडेली आता मिळत नाहीत, मिळाला तर त्याची वेळ तो सांगेल ती, त्यामुळे सप्टेंबरमध्येच त्याच्या मागे लागायचं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच चूक महागात पडते. मांडवी-म्हादईत (नदी एकच, खाली तिला मांडवी म्हणतात) भरतीचं पाणी आत गांजे गावापर्यंत येतं. समुद्रापासून एवढं आत नदी वर-खाली होते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. भरती-ओहोटीच्या वेळांचं टेबल मिळतं ते मुरगाव बंदराचं, तुमच्या काठावर ती वेळ लागू नाही, पाणी आत यायला वेळ लागतो. किती लागतो ते कोणी सांगणार नाही, स्वतः मोजायचं. आम्ही काय केलं, बांबूची एक काठी घेतली, वीत वीत अंतरावर ऑइल पेंटने पट्टे मारले, काठाच्या चिखलात रोवली आणि अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस वही घेऊन बसलो. दर तासाला कुठल्या पट्ट्यापर्यंत पाणी आहे ते लिहायचं, सकाळी तो, दुपारी मी. दुसऱ्या आठवड्यात कळायला लागलं की भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमास-पुनवेला पाणी जास्त चढतं नि जास्त सुकतं. हे पुस्तकात वाचलं होतं, पण वहीत स्वतःच्या अक्षरात उतरलं की डोक्यात बसतं. मुरगावच्या वेळेत आमच्याकडचा उशीर मिळवला की झालं आमचं टेबल, ते लॅमिनेट करून आंब्याला लावलंय, पंच्याच्या बाजूलाच.

मग साधी पद्धत. जाताना प्रवाहाच्या उलट जायचं, येताना प्रवाहाबरोबर, म्हणजे दमलेला माणूस आपसूक घरी येतो. सकाळी लवकर, कारण दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि नवशिक्याची कयाक त्याच्यापुढे टिकत नाही. खालच्या बाजूला खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली) असेल तर बांधातल्या मानसपासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, लांब राहायचं, ओहोटीला मानसच्या दारातून पाणी जोरात बाहेर पडतं, वरून शांत दिसतं तरी. कुंभारजुव्याच्या कालव्याकडे मगरी आहेत, तिकडे मोटारबोटीतून बघायला जावं, कयाकमधून पाय सोडून नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येवो न येवो. 'मी नॅशनल लेव्हलला पोहलोय' असं म्हणणाऱ्याला आधी. घालून झालं की आपण स्वतः खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघायचं, जॅकेट हनुवटीच्या वर आलं तर सैल आहे. लहान पोरांना मांडीमधून जाणारा पट्टा हवाच. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो, ५० वालं पोहता येणाऱ्याला आणि मदत जवळ असेल तिथे, न पोहणाऱ्याला १०० वालं घ्या. पाण्यावर जो माणूस उभा करणार त्याला ट्रेनिंग द्या, राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे, जीवरक्षकाचा कोर्स होतो, आमची दोन पोरं करून आलीत आणि आल्यापासून ती आमच्याच चुका काढतात. चांगलंय.

जून ते सप्टेंबर पाणी बंद. इथला पाऊस बघितलाय का तुम्ही? गोव्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि वाळपईच्या पट्ट्यात त्याहून जास्त. २०२३ च्या जुलैत तिकडे नेत्रावळीत मैनापीच्या धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर गोव्यातल्या अभयारण्यांमधल्या धबधब्यांवर बंदी आली होती. पाहुणे तरी विचारतात, गुपचूप नेता का. नाही नेत. ऑक्टोबरात आणि एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी गडगडतं तेव्हा वीज दिसली की मोजायचं, तीसच्या आत आवाज आला तर सगळे घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. पठारावर असाल तर मोजत बसू नका, उतरायला लागा.

रानातलं थोडक्यात. माकडताप आमच्या सत्तरी तालुक्याला २०१५ पासून चांगलाच माहीत झाला, काजूच्या सीझनलाच येतो, गोचिडीमुळे. म्हणून जानेवारी ते मे भाटात जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य खात्याकडचं अंगाला लावायचं डेपा तेल मिळालं तर ते, पाचोळ्यात बसायचं नाही, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता लगेच दवाखान्याला आणि पंचायतीला कळवायचं. पुढच्या आठवड्यात ताप आला तर डॉक्टरला 'सत्तरीच्या रानात गेलो होतो' हे सांगा, असं आम्ही निघताना प्रत्येकाला सांगतो. साप चावला तर चिरणं, बांधणं, मंत्र काही नाही, माणसाला हलू न देता १०८. जवळच्या सरकारी दवाखान्यात इंजेक्शन आहे का ते सीझनच्या आधीच विचारून ठेवा. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावर चालतं, चापड्यावर चालत नाही, तरी जायचं दवाखान्यातच. बाकी रोजचा त्रास म्हणाल तर हुमल्यांचा, काजूवर पानं चिकटवून घरं करतात त्या लाल मुंग्या. आणि खाजकुयली, शेंग दिसायला मखमली, एका शाळेच्या मास्तरांनी पोरांना दाखवायला हातात घेतली होती. दिवसभर मास्तर पाटात बसून होते.

पाहुण्यांकडून 'जोखीम आमची' अशा फॉर्मवर सही घेतली म्हणजे आपण सुटलो असं समजू नका. आपला निष्काळजीपणा असेल तर ती सही कामाला येत नाही, पब्लिक लायबिलिटीचा (पाहुण्याला इजा झाली तर भरपाईचा) इन्शुरन्स घ्या, आणि एजंटला ॲक्टिव्हिटींची नावं पॉलिसीत लिहायला लावा, 'आउटडोअर' एवढंच लिहून देतात ते.

जेवणात हात आखडता घेऊ नका पण मेनूही वाढवू नका. सकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी, दुपारी उकड्या तांदळाचा भात, खतखतें (मिश्र भाज्यांची आमटी) किंवा मासे, सोलकढी. भाटातून आलेल्यांना आधी पेज, मिठाच्या आंब्याच्या फोडीबरोबर, मग बाकीचं. जेवण गावातल्याच दोघी बायका करतात आणि जत्रा, शिगमो (शिमगा), चवथ (गणपती) या दिवसांत त्या येणार नाहीत हे धरूनच बुकिंग घ्यायचं. चवथीला आम्हीच बंद असतो. काजूच्या दिवसांत कामाची पोरं सकाळी स्वतःच्या भाटात असतात, त्यांना ओढू नका, दहानंतरचं काम द्या. रात्री दहानंतर स्पीकर नाही, हा कायदाच आहे आणि गावात राहायचं असेल तर त्याच्याही आधी बंद करा.

पैशाचं काम एकाकडे, बुकिंगचा फोन दुसऱ्याकडे. आमच्याकडे फोन माझा, हिशोब त्याचा, आणि दर सोमवारी बंद. सोमवारी कुणी ओळखीचा आला तरी चहा मिळेल, कयाक नाही. पहिली दोन वर्षं सुट्टी घेतली नव्हती, तेव्हा आम्ही एकमेकांशी फक्त टॉवेल, गॅस सिलिंडर आणि ॲडव्हान्स एवढ्याच विषयांवर बोलायचो. आता सोमवारी वाळपईला जाऊन भाजी आणतो, भजी खातो, आणि धंद्याचं बोलायचं नाही असं ठरलंय, जे गाडी घराच्या वळणाला लागेपर्यंत टिकतं.

मे संपता संपता आवराआवर. दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचे, प्रत्येकावर तारखेची पट्टी, उंदीर जाणार नाही अशा डब्यात. जॅकेटं दोरीवर टांगून, एकावर एक रचलीत तर बुरशी धरतात. कयाक उलट्या करून ओसरीवर. बर्मा ब्रिज सोडवायचा, झाडाची पोती काढायची म्हणजे साल श्वास घेते. पाण्यातली काठी शेवटी, पहिला मोठा पाऊस यायच्या आधी, एक वर्ष राहिली होती तर नदी घेऊन गेली. ऑक्टोबरात नवीन बांबू, नवे पट्टे, आणि पुन्हा पंधरा दिवस वही, कारण पावसात काठ आणि गाळ दोन्ही बदललेले असतात.